माझ्या नावाने झालेला बदल

पेठकडच्या डोंगरातली भातकापणी उरकली की आमचं घर द्राक्षबागांवर मजुरीला खाली उतरायचं. बागेच्या कडेला ताडपत्रीचं पाल, त्यात आईबाप आणि आम्ही भावंडं. संध्याकाळी मुकादम सगळ्यांच्या पिशव्या झाडून बघायचा. बा म्हणायचा, "बघू दे त्याला. आपल्यात हाय काय?" आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही.

अंबडच्या एका कारखान्यात नेटवर्कचं काम मिळालं. मुख्य सर्व्हरची सेटिंग दुरून, आपोआप बदलायला आमच्या विभागाच्या साहेबांनी एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची फाइल, लिहिली होती. पासवर्ड त्या स्क्रिप्टमध्येच, उघडा. रोज मी चालवायचो म्हणून लॉगिन माझं. मी हरकत घेतली तर साहेब हसले, "इथे कोण चोर आहे रे? सगळे घरचेच."

दसऱ्यानंतर कामावर गेलो, तर सर्व्हरवर बाहेरून आत यायचा बंद ठेवलेला मार्ग सताड उघडा. नोंदीत माझं नाव. मॅनेजरबाई स्पष्टच म्हणाल्या, "लॉगिन तुमचं आहे. कोणी केलं ते दाखवा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मग मीही एकेकाकडे संशयाने बघू लागलो. साहेबांकडे. केबल टाकणाऱ्या ठेकेदाराकडे. चहावाल्या मावशींकडेसुद्धा. त्या उखडल्या, "माझ्याकडं काय बघतो बाबा? मला टीव्हीचा रिमोट जमत नाय!"

नोंदी मागे मागे वाचत गेलो. पहिला अनोळखी प्रवेश खंडेनवमीच्या दुपारचा, पाहुण्यांच्या वायफायवरून. त्या वेळी मी सगळ्यांसमोर प्रसाद वाटत होतो. यंत्रांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा झाली होती. पूजेला काळी स्क्रीन बरी दिसत नाही, म्हणून साहेबांनी समोर होती ती स्क्रिप्टच उघडी ठेवली होती. कारखान्याच्या ग्रुपवरचा पूजेचा फोटो मोठा करून पाहिला. झेंडूच्या माळेखाली पासवर्ड स्वच्छ वाचता येत होता.

साहेब खुर्चीत बसले. "अरे देवा. फोटो मीच टाकला की रे."

ग्रुपवरून तो ठेकेदाराच्या स्टेटसला आणि पुढे कुठे कुठे गेला होता. आत कोण शिरलं ते आजवर कळलं नाही. ठेकेदार आला की मी अजून नजर ठेवून त्याच्या मागेमागे फिरतो.

मॅनेजरबाईंनी शब्द मागे घेतला आणि स्क्रिप्ट नव्याने लिहायला मलाच सांगितलं. आता तिच्यात पासवर्ड नाही. प्रत्येकाची स्वतःची डिजिटल किल्ली, तीही ठरलेल्या कामापुरती. बदल आधी दुसऱ्याने वाचून मंजूर करायचा, मगच तो सर्व्हरवर जातो. काही बिघडलं तर जुनी सेटिंग आपोआप परत येते.

साहेब कुरकुरले, "माझ्यावरपण विश्वास नाही?"

"नाही साहेब. माझ्यावरही ठेवू नका."

आज मी पंचवटीतल्या घरातून कारखान्याच्या सर्व्हरची सेटिंग बदलतो. कोणता बदल कोणी केला आणि कोणी तपासला, ते नोंदीत दिसतं. नोकरी टिकली, आणि त्या सर्व्हरची जबाबदारी आता माझ्याकडे आहे.