ट्रकची ओटी

माझ्या थोरल्या भावाने ट्रकचा शेवटचा हप्ता फेडला आणि वर्षाच्या आत तो गेला. पेट्रोलवर चालणारा तो जुना ट्रक माझ्याकडे आला. घाटकोपरच्या खाणीतला दगड भरला की चढावर तो दमायचा, आणि त्याच्याआधी मी. तो देऊन डिझेलचा घ्यावा, की दादाची आठवण म्हणून ठेवावा, माझं काही ठरेना. शेवटी वहिनीच म्हणाली, "द्या भावोजी. तुमची कंबर गेली तर घर कोण ओढणार?"

दलाल न्यायला आला, तेव्हा लेक सासरी निघावी तशी माझ्या बायकोने ट्रकची ओटी भरली. सीटवर तांदूळ, नारळ ठेवला. वहिनी विधवा, म्हणून दाराआडच उभी राहिली. तिथूनच दलालाला म्हणाली, "दरवाजा जरा उचलून लावा हां. हे तसाच लावायचे."

नव्या ट्रकचा दरवाजा बोटाने लागतो. मी मात्र आधी तो उचलायला जातो.