सेमिनारला आलेलं स्थळ

धातूंवर संशोधन करणारा माणूस प्राचीन ग्रीसच्या सेमिनारला कशाला येईल? मला पहिल्याच दिवशी संशय आला. नव्वदच्या दशकात जपानमधल्या सेंदाईत मराठी माणसं ती किती, आणि त्यांतला हा बिनलग्नाचा दर गुरुवारी माझ्यासमोरच्या खुर्चीत हजर!

काकूंचाच हा उद्योग असणार. काकू म्हणजे रविवारी आम्हा मराठी विद्यार्थ्यांना घरी बोलावून वरणभात वाढणाऱ्या. माझी आई पुण्याहून त्यांना फोन करायची, तिकडेच एखादा चांगला मुलगा बघा म्हणून. म्हणजे हा मुलगी बघायला येत होता. कांदेपोहे नाहीत तर सेमिनार! माझं डोकंच फिरलं.

त्यात माझा विषय असा, की घरी मी नुसतं 'ग्रीक इतिहास' एवढंच सांगितलेलं. ग्रीसमध्ये पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष होते, यावर वाद नव्हता. वाद पुढचा होता. ते स्वतःला वेगळे समजायचे का? काही अभ्यासक म्हणत, असे लोक सगळ्या काळांत असतातच. मी दुसऱ्या बाजूची. तिथे माणूस नागरिक की गुलाम, हे बघत. तो कुणावर प्रेम करतो यावरून त्याची ओळख ठरतच नव्हती, असं मी ठासून मांडायचे.

सेमिनारच्या शेवटी प्रत्येकाने पाळीपाळीने काहीतरी बोलायचं, अशी तिथली रीत. जपानी मुलं 'बरंच शिकायला मिळालं' म्हणून सुटायची. हा मात्र फिरून फिरून तेच विचारायचा: त्यांतल्या एखाद्याला एकट्यात वाटलंच असेल, की आपण इतरांसारखे नाही, तर? मला वाटलं, मुलीची मतं तपासतोय. शहाणाच आहे!

शेवटी एकदा सायकलींच्या स्टँडपाशी त्याला गाठलं. म्हटलं, काकूंना सांगून टाका, मला लग्न करायचं नाही, उगाच खेटे घालू नका.

तो कुलूप काढायला वाकला होता, तसाच थांबला. मग म्हणाला, "मलाही करायचं नाहीये. पण आई मेमध्ये येतेय, माझं ठरवूनच परत जाणार. तिला काय सांगायचं, ते शोधायला मी इथे येतो."

मला क्षणभर उमगलंच नाही. मग त्याचा तो दर गुरुवारचा प्रश्न आठवला.

"तुम्ही दर गुरुवारी पुराव्यानिशी सांगता, असं कुणी नव्हतंच," तो म्हणाला. "मग मी आईला काय म्हणून सांगू, मी कोण आहे?"

माझं उत्तर तयार होतं, संदर्भांसकट. पण ते त्याला ऐकवायची मला लाज वाटली.

"आई आली की मला बोलवा," मी म्हटलं. "तुम्ही सांगाल तेव्हा मी शेजारी बसेन. आणि काकूंना आधीच बजावून ठेवा, स्थळ म्हणून येत नाहीये."