उसवलेल्या जास्वंदी

आमच्या नूरोआनं पुस्तक लिहिलं ही बातमी ऑकलंडहून आमच्या बेटावर आली, तेव्हा वाचायच्या आधीच आम्ही ते डोक्यावर घेतलं. पहिली चूक ती. वाइपाए गावची पोरगी, तिचं नाव पुस्तकावर छापून आलं, एवढंच आम्हाला पुरे झालं. गुरुवारी सभाघरात शिवणाच्या बायका जमल्या आणि तेरेआपीनं जाहीर करून टाकलं की पोरीसाठी तिवाएवाए, म्हणजे हातशिवणीचा पलंगपोस, करायचा, डबल पलंगावर पुरेल एवढा, पांढऱ्यावर लाल जास्वंदी. तेरेआपी आमच्यात कापड कापणारी. तिच्या हातात कात्री आली की बाकीच्यांनी तोंड मिटायचं अशी रीत आहे, आणि ती रीत तिला फारच आवडते.

मी तेपाएरू. एकतीस वर्षं गावच्या शाळेत मास्तरीण होते. नूरोआच्या हाताला धरून पहिलं अक्षर मी गिरवून घेतलं, म्हणून पुस्तक वाचून दाखवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. पुस्तक इंग्रजी, त्यातही जाडजूड. मी वाचायचं, आपल्या भाषेत सांगायचं, बायकांनी ऐकता ऐकता टाके घालायचे. म्हणजे पोरीचा सत्कार आणि पोरीची परीक्षा एकाच चटईवर सुरू झाली.

पण मला सांगायचंय ते तुआइनेबद्दल. नूरोआला वाढवलं तिनं. जन्म दिला तिच्या धाकट्या बहिणीनं, आकाइतीनं. आमच्याकडं यात नवल नाही. माझा मधला भाऊ आजीकडं वाढला, तेरेआपीची थोरली नणंदेकडं आहे. 'भरवलेलं पोर' म्हणतो आम्ही. कोणी जन्म दिला आणि कोणी भरवलं, हे पोराला चालता यायच्या आधी सांगून झालेलं असतं. झाकपाक काही नाही.

तुआइने उंच, हाडकुळी आणि बोलायला महाग. शनिवारी धक्क्यावर डोनट विकते, बाकीचे दिवस अळूच्या वाफ्यात गुडघाभर चिखलात असते. शिवणाच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद. तिचा टाका बघितला तर कोंबडीनं उकरल्यासारखा. तीनदा दिवस गेले आणि तीनही वेळा राहिलं नाही, तेव्हा ती मान खाली घालून गावातून चालायची. नूरोआ घरात आली आणि ही बाई ताठ झाली. पाच वर्षांची घोडी होईपर्यंत पोरीला कडेवर घेऊन वाफ्यात जायची. नवरा गेला, पोरगी शिकायला ऑकलंडला गेली, पण हिनं कधी ऑकलंडचं तोंड पाहिलं नाही. तिथं राहणाऱ्या आकाइतीनं दोनदा तिकीट पाठवलं, दोन्ही परत गेली. आम्हाला वाटायचं, विमानाला घाबरते.

पहिले दोन गुरुवार झकास गेले. पुस्तकातली आई एकोणीस वर्षांची, तिचा जीव मालवाहू बोटीवरच्या एका पोरावर जडलेला. त्या दोघांची किनाऱ्यावरची प्रकरणं नूरोआनं अशी रंगवली होती की पाद्रीबाईंना दोनदा खोकला आला. मी ती पानं मुद्दाम सावकाश वाचली. खोकत होत्या त्याच सगळ्यांत पुढं सरकून बसल्या होत्या.

तिसऱ्या गुरुवारी रंगाचा बेरंग झाला. बोटीवरचा पोरगा ऑकलंडला कारखान्यात लागतो आणि पुस्तकातली आई अकरा महिन्यांची मुलगी बहिणीच्या हातात देऊन त्याच्यामागं निघते. बहीण म्हणजे साक्षात देवमाणूस. धावपट्टीच्या कुंपणाशी मुलगी हंबरडा फोडते, आई विमानाच्या पायऱ्यांपाशी एकदा थांबते, पण मागं वळून बघत नाही. त्या न वळलेल्या मानेवर नूरोआनं अख्खी तीन पानं लिहिली होती. ती वाचताना माझा आवाज चढत गेला, कारण मला राग येत होता आणि लिहिलेलं उत्तमही होतं.

मी पुस्तक मिटलं आणि सभाघरात भडका उडाला. तेरेआपी म्हणाली, मांजरीची पिल्लं वाटावीत तशी आम्ही पोरं वाटतो, असं जगाला सांगितलं मेलीनं. पाद्रीबाई म्हणाल्या, पोरीनं चूल घरात पेटवली आणि धूर शेजाऱ्यांच्या डोळ्यांत सोडला. माझ्या भाचीनं ऑकलंडहून तिथल्या वाचणाऱ्यांची मतं पाठवली होती, तीही मी तेव्हाच वाचून दाखवली, कुठून मला बुद्धी झाली कोण जाणे. एकीनं लिहिलं होतं की रडून रडून उशी भिजली, या बेटावरच्या बायकांची काळजं दगडाची असतात का. दुसरी म्हणे, ती आईच खरी शूर, प्रेमासाठी जगली. तिसरीला वाढवणाऱ्या बहिणीचा पुतळा उभारायचा होता. घ्या! आमच्या घरातल्या गोष्टीवर जो तो न्यायाधीश.

आमच्यात सगळ्यांत लहान मीई, सव्वीस वर्षांची, तीही भरवलेलं पोर. ती खालच्या आवाजात म्हणाली की तिला हे पुस्तक खरं वाटतं, तिलाही कैकदा वाटलंय, पाच भावंडांत मलाच का दिलं. तेरेआपीनं तिला तिथंच झापलं, की ज्या ताटात जेवलीस त्या ताटाला जाऊन विचार. मीई टाका घालत राहिली.

एवढ्यात तुआइने उठली. सुई कापडात खोचली आणि चपला न घालताच निघून गेली. आम्हाला काय वाटावं? इतकी वर्षं जिला वाढवलं, तीच आता 'मला टाकलं' म्हणते, म्हणून बाईचं काळीज फाटलं. झालं, आगीत तेल. तेरेआपीनं कात्री उचलली आणि आपण शिवलेल्या जास्वंदीचे टाके कचाकच तोडले.

आमच्यात ज्याचा टाका त्याचा. दुसरीचा टाका कोणी उसवत नाही, पण आपला उसवला तर कोणी अडवतही नाही. एकेक बाई पुढं झाली आणि आपलं फूल उसवून उठली. खोटं कशाला बोलू, मीही उसवलं, आणि उसवताना मला बरं वाटलं. कापडावर राहिली ती फक्त मीईनं शिवलेली दोन पानं आणि तुआइनेचं एक वेडंवाकडं फूल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते लोंबणारं कापड तुआइनेच्या घरी नेऊन दिलं. ती डोनटचं पीठ मळत होती. कापड बघून तिनं हात धुतले आणि म्हणाली, धावपट्टीवरचं पान परत वाच. मी वाचलं. अजून एकदा म्हणाली. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिनं विचारलं, हे वाचून तिकडं लोक आकाइतीला काय म्हणतात. भाचीनं कळवलेलं मी सगळं सांगितलं. चर्चमध्ये आकाइतीच्या शेजारची जागा आता रिकामी असते, आणि एकीनं तर तोंडावर विचारलं, तुला झोप कशी लागते गं. मी हे अगदी चवीनं सांगितलं. मलाही वाटत होतं की बरी जिरली.

तुआइने ते लोंबणारं कापड मांडीवर घेऊन बसली आणि पाच आठवडे एकटीनं शिवत राहिली. गुरुवारी सभाघरात फिरकली नाही. शिवून झालं तेव्हा नूरोआला फोन केला आणि एवढंच म्हणाली, पलंगपोस झालाय, ये.

नूरोआ आली त्या दिवशी धावपट्टीवर तुआइने, मी आणि मीई, तिघीच. गावची पोरगी परत येते तेव्हा तिचं तोंड दिसेनासं होईपर्यंत गळ्यात माळा घालतो आम्ही. तिच्या गळ्यात तीन पडल्या. तिला ते दिसलं, पण ती हसत राहिली. घरी लिंबू आणि नारळाच्या दुधातली कच्ची मासळी होती, अळू होतं. ती पोटभर जेवली. मीई भांडी घेऊन विहिरीवर गेली आणि तुआइनेनं पलंगावर तिवाएवाए पसरला.

नूरोआ लहानपणी आमच्या शिवणाखाली झोपायची. कोणाचा टाका कुठला हे तिला अंधारातही बोटांनी कळलं असतं. तिनं फुलांवरून हात फिरवला आणि हात थांबला. सगळीकडं कोंबडीनं उकरलेलं. बाकीच्या कुठं आहेत, असं तिनं मला विचारलं. मी मास्तरीण, सोडते कशाला? उसवलं सगळ्यांनी, म्हटलं, मीसुद्धा, आणि का ते तुला कळत असेल.

तिचे डोळे भरले, पण आवाज कडकच होता. "तेपाएरूमावशी, माझं जे दुखलं ते मी लिहिलं. आणि त्यात या माझ्या आईला कुठं वाईट म्हटलंय? एका शब्दानं तरी?"

"तेच खोटं आहे," तुआइने म्हणाली.

मी तिच्याकडं बघतच राहिले. ती पलंगाच्या कडेला टेकली, हात मांडीवर ठेवले आणि वाफ्यातल्या कामाचं सांगावं तसं सांगायला लागली. आकाइतीला तू द्यायची नव्हतीस. तू पोटात असताना मी मागितलं, ती हो म्हणाली. थोरल्या बहिणीला नाही कसं म्हणणार? तू झालीस, तिनं तुला बघितलं, आणि ती नाही म्हणाली. मी बापाकडं गेले, रडले, त्याच्याकडून शब्द टाकून घेतला. तरी ती तुला घेऊन विमानापर्यंत आली होती. तुझी कपड्यांची पिशवी तिच्या खांद्याला होती. मी तुला तिच्या हातातून घेतलं आणि तिला सांगितलं, म्हाताऱ्या म्हणतात, देणारीनं मागं वळून बघितलं तर पोर जगत नाही.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "असं कोण म्हणतं गं? मी तर जन्मात ऐकलं नाही."

"कोणीच म्हणत नाही. मी म्हटलं. ती वळली असती तर तुला घेऊन गेली असती."

ती दोन परत गेलेली तिकिटं मला तेव्हा आठवली. विमानाला कसली घाबरते! बहिणीच्या तोंडाला घाबरत होती ती.

नूरोआ भिंतीला टेकली. तिनं विचारलं, आजवर का नाही सांगितलंस. तुआइने म्हणाली, तू गेली असतीस. मग आता का सांगतेस, पोरीनं विचारलं.

"तिच्या शेजारी कोणी बसत नाही म्हणून," तुआइने म्हणाली. "आणि माझा पुतळा करायचा म्हणतात म्हणून."

नूरोआ ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली की लहानपणी ताप आला की ती पडल्या पडल्या त्या मानेचा विचार करायची, तिच्यात असं काय कमी होतं की आईनं एकदाही बघू नये. आणि तेव्हा कपाळावर ओलं फडकं ठेवून तू शेजारी बसलेली असायचीस, आई. तुला माहीत होतं. तुआइनेनं मान हलवली. माहीत होतं, म्हणाली. माफी मागितली नाही तिनं. मला तिचा इतका संताप आला की हात उचलावासा वाटला, आणि त्याच हातानं मी आकाइतीच्या नावानं माझं फूल उसवलं होतं, हेही आठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानानं नूरोआ निघाली. आठ दिवस राहायला आली होती. तुआइनेनं तिवाएवाए घडी करून चटईत बांधला आणि तिच्यापुढं धरला. हा आता तुझा नाही, म्हणाली, आकाइतीला दे. तिनं फेकला तर फेकू दे, पण दे. नूरोआनं गाठोडं घेतलं.

मी त्याआधीच तेरेआपीकडं जाऊन सगळं सांगून आले होते. ती म्हणाली, तुआइनेनं तरी घरची गोष्ट घरात ठेवली, त्या पोरीनं चव्हाट्यावर मांडली, माझं मत बदलत नाही. पाद्रीबाई तुआइनेलाच दोष देत होत्या. गावात आता पुस्तकावरून दोन तट पडलेत, आणि त्यातल्या अर्ध्या बायकांनी ते पुरतं ऐकलेलंही नाही.

कुंपणाशी आम्ही दोघीच उभ्या होतो. नूरोआ गाठोडं छातीशी धरून विमानाकडं चालत गेली. पायऱ्यांपाशी थांबली. मी तुआइनेचा दंड धरला, मनात म्हटलं, वळ गं पोरी, एकदा वळ. तिनं गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि वर चढून गेली. दार लागलं.

तुआइने कुंपणाची तार धरून विमान दिसेनासं होईपर्यंत तिथंच उभी होती. मग म्हणाली, "जगेल ती." आणि डोनटचं पीठ भिजवायचं राहिलंय म्हणून घराकडं चालू लागली.