कोरड्या विटांची भिंत

त्या मिस्त्रीला सगळे ओळंबाच म्हणत. दोरीला लटकणारं ते वजन कायम त्याच्या खिशात. पाहुणा म्हणून कुठे गेला तरी पाणी प्यायच्या आधी यजमानाच्या भिंतीला ओळंबा लावायचा आणि तोंडावर सांगायचा, "पोट सुटलंय तुमच्या भिंतीला." स्वतःच्या पोटाला मात्र त्याने तो कधी लावला नाही.

बायको त्याच्याच हाताखाली बिगारी. सिमेंट-वाळूचा माल कालवायचा, घमेली वाहायची, विटा पिंपात भिजवून त्याच्या हाताशी ठेवायच्या. भिंत उभी राहिली की ठेकेदार म्हणणार, "वा मिस्त्री, काय हात आहे!" तोवर दुसरे दोन हात घमेली धुवायला गेलेले असत. बाईने भिंत डोक्यावरून वाहावी, हाताने बांधू नये, हा कायदा कुणी केला ते विचारू नका. मोडणारीला मात्र सगळे शहाणपण शिकवतात.

सुट्टीच्या दिवशी घरामागे न्हाणीची भिंत घालायची ठरली. ती म्हणाली, "ही मी बांधते. थापी द्या."

तो एवढा हसला की शेजारीण डोकावली. "अगं, थापी आहे ती, उलथणं नाही! बाईचा हात सरळ चालतो होय?"

ती कामाला लागली. माल कालवला, विटा आणून दिल्या. एकच गोष्ट केली नाही.

ओळंब्याने जन्मात वीट भिजवलेली नव्हती. जेवण जसं ताटातच उगवतं, तशा विटा ओल्याच जन्माला येतात अशी त्याची समजूत. हाताला कोरड्या लागल्याही असतील, पण त्या दिवशी हातापेक्षा तोंड जास्त चालत होतं. तहानलेल्या विटांनी मालातलं पाणी पिऊन टाकलं आणि मालाची पकडच गेली.

पुढच्या आठवड्यात ठेकेदार काही सांगायला घरी आला. ओळंब्याने कौतुकाने त्याला मागे नेलं. ठेकेदार भिंतीला टेकला आणि निम्मी भिंत न्हाणीत जाऊन पडली. उरलेली अगदी ओळंब्यात होती.

"विटा भिजवल्या नव्हत्या?" ठेकेदाराने विचारलं.

ओळंबा बायकोवर खेकसला, "का गं?"

"उभी राहिली की मिस्त्रीची, पडली की माझी होय? आता तुम्ही भिजवा, मी बांधते. तसूभर वाकडी झाली तर जन्मात थापी मागणार नाही. सरळ आली तर थापी माझी."

ठेकेदारासमोर माघार कशी घेणार? "बांध!" तो म्हणाला.

सुट्टीला त्याने वीट पाण्यात बुडवली आणि लगेच बाहेर काढली.

"अहो मिस्त्री, आंघोळ नका घालू, पिऊ द्या तिला! बुडबुडे थांबेपर्यंत हात लावू नका."

संध्याकाळी मान चोळत त्याने ओळंबा लावला. या बाजूने, त्या बाजूने, मग शेजारणीला बाजूला सारून पुन्हा. दोरी भिंतीला धरून सरळ.

"ओळंबा बिघडलाय," तो पुटपुटला.

"दोरीला बांधलेलं वजन ते. त्यात बिघडणार काय?"

भिंत वाळल्यावर ठेकेदार मुद्दाम येऊन टेकला. आधी बेताने, मग सगळा भार टाकून. भिंतीवर थाप मारून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती थापी कमरेला खोचून कामावर पुढे पोचली.

"बिगारी कुठाय?" ठेकेदाराने विचारलं.

"येतायत मागून," परांचीवर चढता चढता ती म्हणाली. "आले की पिंप भरायला सांगा त्यांना."