मांजरीच्या अंगणातली एअर रायफल

बाबांच्या कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. परदेशी कंपनीशी करार झाला होता, नवी मशीनं आली होती आणि पन्नाशीच्या आसपासच्या माणसांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं जात होतं. त्या फॉर्मवर 'स्वेच्छा' हा शब्द कशाला, असं आमच्या घरात कुणी विचारलं नाही. बाबांनी सही केली. निरोपाला मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी खोक्यासकट कपाटावर ठेवून दिलं.

त्यानंतरही ते पहाटे पाचलाच उठत. दाढी, आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, आणि मग खुर्ची. आई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती, ती ड्यूटीवर जाई. मी कॉलेजला जाई. संध्याकाळी परत यावं तर बाबा त्याच खुर्चीत. जेवलात का, तर हो. चहा करू का, तर कर. तीस वर्षं तपासणी खात्यात काढलेला माणूस, सुताएवढी चूक बोटाने ओळखणारा, आता स्वारगेटवरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत बसलेला असे.

त्या वर्षी मी कॉलेजच्या नेमबाजी संघात शिरायची धडपड करत होते. कॉलेजकडे तीन एअर रायफली होत्या. दोन बऱ्या होत्या, तिसरी कुणालाच नको असायची, आणि मी सगळ्यात उशिरा आले म्हणून ती माझ्या वाट्याला आली. जुनी, स्प्रिंगची. नळी खाली वाकवली की आतली स्प्रिंग दाबून बसते. नळीच्या उघड्या तोंडात छर्रा घालायचा, नळी सरळ करायची, चाप ओढायचा. स्प्रिंग सुटते आणि हवेच्या दाबाने छर्रा बाहेर जातो. दहा मीटरवर कागदी टार्गेट. इतर मुलींचे पाच छर्रे एका जागी गोळा होत. माझा एक डावीकडे, एक वर, आणि एखादा कागदावर नसेच.

आमचे सर अस्सल पुणेरी होते. माझं टार्गेट उजेडाकडे धरून म्हणाले, "छान. चाळणी झाली. घरी घेऊन जा, आईला पीठ चाळायला होईल."

संघाची निवड तीन आठवड्यांवर आली होती. घरी येऊन मी दप्तर आपटलं आणि आईला सगळं सांगत बसले. बाबा खुर्चीत होते. मधेच ते म्हणाले, "छर्रे रोज एकाच बाजूला जातात की कुठेही?"

आई आणि मी दोघींनीही वळून पाहिलं. कित्येक महिन्यांनी त्यांनी आपणहून काहीतरी विचारलं होतं.

"कुठेही," मी म्हटलं.

"मग ते नेमाचं नाही. नेम चुकला तर एकाच बाजूला चुकतो. काहीतरी ढिलं असणार. मला बघायला मिळेल का?"

सरांना विचारलं. "ने की," ते म्हणाले. "ती इथे असली काय आणि नसली काय, टार्गेटला फरक पडत नाही."

आमच्या दोन खोल्यांत दहा मीटर कुठून आणणार? शहराबाहेर मांजरी गावात माझी आत्या राहायची, बाबांची धाकटी बहीण. तिच्या घरापुढे लांबलचक अंगण होतं आणि पलीकडे ऊस. रविवारी सकाळी रायफल जुन्या चादरीत गुंडाळून आम्ही बसने निघालो. कंडक्टरने गाठोड्याकडे बघून विचारलं, "काय आहे त्यात?"

"पडद्याचा रॉड," बाबा म्हणाले. माझ्या आयुष्यात मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा खोटं बोलताना ऐकलं.

आत्याने चादर सुटताना पाहिली आणि पदर तोंडाला लावला. भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, तिकडे बोट करून म्हणाली, "दादा, यांच्या घरात बंदूक आणलीस व्हय रं?"

"यानं कागद सोडून काही मरत नाही. तू कोंबड्या आत घे."

कोंबड्या खुराड्यात गेल्या. अंगणाच्या टोकाला वाळूचं पोतं, त्यावर खोका, खोक्यावर टार्गेट. मी पाच छर्रे मारले. बाबा चालत गेले, कागद काढून आणला आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहिलं. मग स्क्रू ड्रायव्हर काढून लाकडी दस्ता नळीला जोडणारे स्क्रू तपासले. तिन्ही स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरले.

मी लगेच म्हटलं, "नेम धरायची मागची खाच पण हलतेय. ती पण घट्ट करा ना."

"आज नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार कसं? आधी हे मारून बघ."

छर्रे थोडे जवळ आले. त्यांनी लिहिलं. मग खाच घट्ट केली. परत मारले, परत लिहिलं. पुढे मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला लागले तेव्हा हीच गोष्ट मला तीन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये इंग्रजीतून शिकवली गेली.

कॉलेज सुटलं की आम्ही दिवसाआड मांजरीला जाऊ लागलो. रायफलमधून धूर येतो हे बाबांनीच पाहिलं. कुणीतरी मायेने आत भरपूर तेल सोडलं होतं. दाबाखाली ते जळायचं, मग एक छर्रा जोरात जायचा आणि दुसरा मरगळलेला. बाबांनी दोऱ्याला चिंधी बांधून नळी आतून पुसली आणि उरलेलं तेल जळून जाईपर्यंत नुसतेच छर्रे मारायला लावले. डबीतले छर्रे आत्याच्या आरशावर घरंगळवून जे डुगडुगत होते ते बाजूला काढले. आत्या दाराशी उभी राहून म्हणाली, "आता म्या वेणी कशात बघून घालू?" पण आरसा परत मागितला नाही. जाताना बाबांना म्हणाली, "रोज येत जा. लई दिवसांनी बोलतोयस."

इतकं करूनही छर्रे एका जागी पडेनात. पूर्वी ताटाएवढे पसरायचे, आता वाटीएवढे, पण तेवढ्याने निवड होणार नव्हती. बाबांनी रायफल लाकडी स्टुलावर टेकवून मारायला लावली, म्हणजे माझा हात हलायचा प्रश्न नको. छर्रे आणखीच वर उडाले. त्यांना काही उलगडेना. वही उघडून ते उंबऱ्यावर बसले आणि पहिल्या पानापासून वाचू लागले.

निवडीला चार दिवस राहिले होते. खांदा दुखत होता, घामाने डोळे चुरचुरत होते. मी म्हणून गेले, "बाबा, राहू द्या. हे कारखान्यातलं काम नाही. तुम्ही कधी रायफल धरली तरी आहे का?"

त्यांनी वही मिटली. आत्या कोंबड्यांना दाणे टाकत होती, तिचा हात थांबला.

खरं म्हणजे इतक्या दिवसांत त्यांनी एकदाही रायफल मागितली नव्हती आणि मीही पुढे केली नव्हती. कारण दोघांनाही माहीत होतं. ऐन तरुणपणी कारखान्यात बाबांच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं प्रेस मशीनखाली गेली होती आणि उरलेली नीट मिटत नसत. फोटो काढताना ते तो हात पाठीमागे ठेवत. रायफल पुढून तोलायची ती डाव्या हाताने.

"दे," ते म्हणाले.

नळी वाकवायला त्यांना वेळ लागला. मी पुढे झाले तर मानेने नको म्हणाले. डावा तळवा त्यांनी दस्त्याखाली नुसता पसरला, कारण पकडता येणारच नव्हतं, आणि रायफल त्यावर ठेवली. पाच छर्रे सावकाश मारले. मग स्वतः गेले नाहीत. मला म्हणाले, "बघून ये."

पाचही भोकं शर्टाच्या बटणाखाली झाकली गेली असती. मध्यावर नव्हती, खाली उजवीकडे होती, पण एका जागी होती.

मी कागद आणून त्यांच्या हातात दिला. ते बराच वेळ बघत राहिले. मग रायफल परत तळव्यावर ठेवून, छर्रा न घालता, पुढेमागे सरकवून पाहिली.

"स्प्रिंग सुटली की आत धक्का बसतो," ते हळूच म्हणाले. "छर्रा बाहेर पडायच्या आधीच रायफल हलते. ती हलणारच. तू ती हलू नये म्हणून आवळतेस. कधी जास्त, कधी कमी. म्हणून दर वेळी वेगळी हलते. स्टुलावरून तर उसळीच मारते. तिला हलू दे, पण दर वेळी सारखी हलू दे."

आणि त्यांनी माझा डावा हात घेतला, दस्त्याभोवती आवळलेली बोटं एकेक करून उघडली आणि तळवा सपाट केला. शाळेत जायच्या आधी पाटीवर अक्षर गिरवताना त्यांनी माझा हात असाच धरला होता. मला 'चुकले' म्हणायचं होतं. त्याऐवजी मी छर्रा घातला आणि मारला. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी माझ्या डोक्यावरून एकदाच हात फिरवला, डावाच.

ते चार दिवस मी फक्त न धरायला शिकले.

निवडीत मी चौथी आले. संघ तिघींचा होता, म्हणजे मी राखीव. राखीव मुलीला मुंबईच्या स्पर्धेला बरोबर नेतात आणि पाण्याच्या बाटल्या भरायला लावतात. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. सरांनी माझं टार्गेट उजेडाकडे धरलं आणि भोकं दोनदा मोजली. मग विचारलं, "रायफल कुणी दुरुस्त केली?"

"माझ्या वडिलांनी."

"त्यांना विचार, इतर दोन बघायला येतील का. 'आपल्याला सवड असेल तर' असं विचार. नीट विचार."

बाबा शनिवारी गेले. सरांनी त्यांना 'अहो साहेब' म्हणून खुर्ची दिली. बाबा खुर्चीत बसले नाहीत, सरळ रायफलीपाशी गेले. मग दर शनिवारी जाऊ लागले. पुढे दुसऱ्या एका कॉलेजनेही बोलावलं. घरी येऊन आईला ते स्प्रिंगांबद्दल सांगत, आणि आई भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेई.

मी हिंजवडीला नोकरीला लागल्यावरही त्यांचे शनिवार चालू होते. एकदा मी कामावरून लवकर सुटले म्हणून न कळवता कॉलेजवर गेले. एक नवीन मुलगी रडवेली होऊन बसली होती आणि बाबा तिच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले होते. "रडून झालं की सांग, मला घाई नाही," ते तिला म्हणत होते. मी पायरीवर बसून राहिले. त्यांचं काम आटपेपर्यंत पाऊण तास गेला.

मग आम्ही मंडईत गेलो, कारण आईने मटार सांगितले होते. मटार निवडताना, पिशवी घेताना, बसथांब्याकडे चालताना ते त्या मुलीच्या रायफलीबद्दलच बोलत होते. बस आली आणि आमच्यासमोरून निघूनही गेली. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.