चटईसकट वजन

बाजारात त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही, गुंजकाका म्हणतात. गुंजेच्या दाण्याएवढा फरकही हा माणूस काट्यात राहू देत नाही, म्हणून. चौतीस वर्षं दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करत आलेत. अंगानं काटकुळे, चालणं संथ, बोलणं त्याहून संथ. खांद्यावरच्या पिशवीत पितळी वजनं, एकेक वेगळ्या मऊ फडक्यात गुंडाळलेलं. उघड्या बोटांनी ते त्यांना शिवत नाहीत. बोटाचा घामही वजनाला चिकटतो म्हणतात. गिऱ्हाईक हातानं पुडी जोखून कुरकुरलं, की काका एवढंच बोलणार, "हात खोटं बोलतो, काटा बोलत नाही."

त्यांच्या घरी एक कुत्री आहे. अकरा वर्षांपूर्वी एका गोदामाच्या पायरीवर सापडली तेव्हा मुठीत मावत होती, म्हणून तिचं नाव छटाक. आता तोंडाभोवती पांढरी झालेली. परवापासून तिनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं, नुसती पाणी पीत होती, आणि पोट ढोलासारखं ताठलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "गर्भपिशवीत पू झालाय. उद्या सकाळी काढायलाच हवी. परवा म्हणाल तर मी हात लावणार नाही."

मग त्यांनी आकडा सांगितला. तो काकांच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा होता. काका भिंतीकडे बघत राहिले.

"अहो, बोला काहीतरी," काकू म्हणाल्या. काकू घरी शिवणकाम करतात. "आकडा ऐकून वाचाच बसली का तुमची?"

"अर्धे आहेत," काका म्हणाले.

बाईंनी क्षणभर विचार केला. "उरलेल्याचे तीन हप्ते करू. आणि कोपऱ्यातला तो काटा महिनाभर अडकतोय. आज नीट करून दिलात तर त्यातला एक हप्ता मी सोडते. हिची मूत्रपिंडं थकलीत, काका. भुलीची मात्रा वजनावर ठरते. हिच्या बाबतीत अंदाजपंचे चालायचं नाही."

त्याच संध्याकाळी काकांनी काटा खोलला. दवाखान्यात काम करणाऱ्या मावशी फरशी धूत होत्या. काकांनी दांडी उतरवली, गंज खरवडला, तेलाचा थेंब सोडला, रिकाम्या पत्र्यावर शून्य लावलं. मग पाच, दहा, वीस अशी वजनं चढवून पाहिली. दांडी हलली, डुलली आणि वारा पडल्यावर पान थांबतं तशी थांबली. काका समाधानानं घरी गेले.

सकाळी काकू तयार गणवेश पोचवून पैसे आणायला गेल्या आणि काका छटाकला घेऊन दवाखान्यात आले. मावशींनी तिला आत नेलं. काका बाहेरच्या बाकावर बसले. दार नीट लागलं नव्हतं.

"सोळा किलो नऊशे," आतून मावशींचा आवाज आला.

काका चमकले. आत्ताच तिला तीन जिने उचलून खाली आणलं होतं. हात म्हणत होते, चौदा, तेही जेमतेम. पण हाताचं काय ऐकायचं? पोटात पू आहे, पाणी आहे, भरली असेल. आणि काटा तर स्वतः कालच लावलेला. त्याला चूक म्हणायचं म्हणजे चौतीस वर्षांना चूक म्हणायचं. शिवाय सुटलेला हप्ता पुन्हा मानगुटीवर.

आत काचेची बाटली टेबलावर टेकल्याचा आवाज आला. औषध भरलं जात होतं.

काका उठले आणि त्यांनी दार लोटलं. छटाक अजून काट्यावरच होती, पाय फाकून, मान खाली घालून. तिच्या पायांखाली काळ्या रबराची जाडजूड चटई होती.

"मावशी, ही चटई कुठली?"

"इथलीच की. पत्र्यावर कुत्री घसरतात. काल धुऊन मागं वाळत टाकली होती."

 किराणावाल्यांचे, भंगारवाल्यांचे काटे लावण्यात काकांचा जन्म गेला. तिथं पत्र्यावर काही असलंच तर ती लबाडी, आणि ती उचलून फेकणं हे काकांचं काम. पत्र्यावर काही असायलाच हवं असतं का, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

बाई सुई उजेडाकडे धरून बघत होत्या.

"थांबा, बाई."

"काका, आता घासाघीस नको. औषध वजनाप्रमाणे लागतं, मी तरी काय करू?"

"पैशाचं नाही. माझं चुकलंय." जुन्या लाकडातून खिळा निघावा तसे शब्द निघत होते. "चटई न धरता शून्य लावलं मी. काटा तीनेक किलो जास्त सांगतोय."

बाईंनी सुई खाली ठेवली. 

"सकाळपासून आणखी कुणाला तोललं?" त्यांनी मावशींना विचारलं.

"त्या वासराएवढ्या तपकिरी कुत्र्याला. जंताची गोळी दिली फक्त."

"तेवढ्यानं त्याला काही होत नाही. तरी त्याच्या घरी फोन करून सांगा." मग काकांकडे वळून, "किती वेळ लागेल?"

"पाच मिनिटं. घाई केली तर परत चुकेन."

चटई पत्र्यावरच ठेवून काकांनी पुन्हा शून्य लावलं.  फडकं गळून पडलं, तेव्हा पितळी वजन त्यांनी उघड्या बोटांनीच उचललं. दांडी थांबली. छटाकला वर घेतलं. तेरा किलो नऊशे.

बाईंनी भरलेली सुई टाकून दिली आणि नवी भरली.

"सोडलेला हप्ता मी देणार," काका म्हणाले. "चुकलेल्या कामाची मजुरी मी घेत नाही."

"ते नंतर," बाई म्हणाल्या, आणि दार लागलं. या वेळी नीट लागलं.

काकू आल्या तेव्हा अर्धा तास झाला होता. काकांनी काही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हणजे खरं बोलून आणखी एक हप्ता घरी आणलात."

"हो."

"आणि तो फेडायला बाह्या कोण जोडणार? आधीच सुईत दोरा ओवताना मला नेढं दिसत नाही."

 काकू पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि बोलला नसतात तर?"

काकांनी बंद दाराकडे पाहिलं.

"बरं बरं, पुरे आता," काकू म्हणाल्या, जणू तेच इतका वेळ बडबडत होते.

घड्याळाचा काटा पुढं जात नव्हता. आत एकदा भांडं पडलं, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

शेवटी दार उघडलं. मावशींच्या कपाळावर घाम होता. "मध्येच श्वास अगदी बारीक झाला होता. बाईंनी सांभाळलं. आता डोळे उघडलेत, पण मान धरत नाही अजून. आजचा दिवस इथंच राहू दे म्हणाल्या. बघायचं तर या, एकेकानं."

दोघंही उठले. मावशी दारातून बाजूला झाल्या.