हरीशचा बँजो आणि दारातले बूट

नाही गं जुई, हसू नकोस, मी सांगते तसंच टाइप कर. तुझ्या बाबाबद्दल लिहायचं तर बँजोपासूनच सुरुवात करायला हवी. डफाला दांडा लावावा तसलं ते वाद्य. हरीश काँप्युटरवाला माणूस, लोअर हटहून ट्रेनने वेलिंग्टनला ऑफिसला जातो, आणि गाणी म्हणतो घोड्यांची न् वाळवंटाची! माथेरानला घोड्यावर बसवलं तर भोकाड पसरलं होतं त्यानं. सातवीत होता, अगदी कुक्कुलं बाळ नव्हता.

सागर, अभिषेक आणि टॉमबरोबर त्याचा इंडी बँड, म्हणजे स्वतःचीच गाणी रचून वाजवणारा, आहेच, तुझ्या जन्माच्याही आधीपासून. सागर गाणारा, तिथे त्याचाच शब्द चालतो. यंदा बाकीच्या तिघांनी त्याला वगळून हा दुसरा काढला. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली जुन्या धाटणीची गाणी, अमेरिकाना म्हणतात म्हणे त्यांना. जुना मोडला नाही, हा आपला हौसेचा. पण सागरला सांगायची हिंमत एकाचीही नाही. आपल्या गॅरेजात दार लावून हळूहळू वाजवायचे, चोरून कैऱ्या खाल्ल्यासारखे.

आणि या शहाण्यांनी चपला कुठे काढल्या? आपल्या घरच्या पद्धतीप्रमाणे, बाहेर पायरीवर! शनिवारी सागर सहज म्हणून आला न् बघतो तर काय, अभिषेकचे जँडल्स, म्हणजे इथल्या त्या रबरी चपला, आणि टॉमचे ते गुडघ्याएवढे काउबॉय बूट.

“काकू, प्रॅक्टिस आहे? मला कुणी बोललं नाही.”

“आत ये रे, पोहे गरम आहेत,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात बँजो गळ्यात अडकवून हरीश बाहेर आला.

“बँड सोडतोयस?” सागरने विचारलं.

“नाही रे! तू हसशील म्हणून सांगितलं नाही.”

“हसलोच असतो. पण आलोही असतो ना.”

एवढं बोलून गेला. पोह्यांना हात लावला नाही, आणि आता फोनही उचलत नाही. तुझा बाबा घरभर तोंड पाडून फिरतोय, घोडा हरवल्यासारखा.

रविवारी पेटोनीच्या हॉलमध्ये यांचा पहिला कार्यक्रम. एकाच माईकभोवती दाटीवाटीने उभं राहून गातात हे लोक. काल बघितलं, तर तिघांनी मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडलेली.

“ही कुणाची रे?” विचारलं, तर हरीश म्हणतो, “सवय आहे, आई.”

सवय म्हणे! बोलवायला तेवढी जीभ जड होते.

तेव्हा तू सागरकाकाला मेसेज कर. आजीचा निरोप आहे म्हणावं. “रविवारी जॉन्सनव्हिलच्या तुझ्या घरून जरा लवकर निघ, मधली जागा तुझीच आहे.”